गुब्बीचा विंच आणि मी भरलेलं ग्रीस

नांदेडात राहून मी शिडाच्या बोटीवर काम करते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "समुद्र कधी आला आपल्याकडं?" समुद्र आलेला नाही. विष्णुपुरीचा जलाशय मात्र आहे. त्याच्या काठाला एक शेत आहे, शेताच्या टोकाला लाकडी धक्का आहे आणि त्या धक्क्याला सव्वीस फुटांची एक जुनी बोट बांधलेली असते. तिचं नाव गुब्बी. कानडीत गुब्बी म्हणजे चिमणी.

या अंकात कामाच्या आठवणी लिहिणारी बाकीची मंडळी आयुष्यभर नोकरी करून निवांत झालेली असणार. माझं काम अडीच वर्षांचं, तेही शनिवार-रविवारचं. मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. पण गुब्बीच्या डेकवरची एकूण एक वस्तू मी स्वतः उघडली आहे, पुसली आहे आणि परत बसवली आहे. त्या कामाबद्दल बोलताना मला अडखळायला होत नाही. म्हणून तेवढंच लिहिते.

बोटीचे मालक बसवराजकाका. मूळचे उदगीरचे. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. इंजिनरूम जहाजाच्या पोटात असते, पाण्याच्या पातळीखाली. "साऱ्या दुनियेचा समुद्र फिरलो, पण सगळा डोक्यावरून गेला," असं ते सांगतात. त्या इंजिनांनी त्यांचे कानही अर्धे नेले. माणसाचं बोलणं कळतं, पण घड्याळाची टिकटिक, भांड्याची किणकिण असले बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नाहीत. निवृत्त झाल्यावर ते शैलाकाकूंच्या माहेरच्या या शेतात येऊन राहिले आणि कोकणातून ही जुनी बोट विकत घेऊन ट्रेलरवरून आणली. हायड्रा क्रेननं ती पाण्यात उतरवली तेव्हा आसपासचे सगळे बघायला आले होते म्हणे. शेजारी मासेमारी करणारे गंगाधरमामा तेव्हा म्हणाले होते, "हिच्यात नटबोल्टच लई, बोट कमी हाय." ते अजूनही तसंच म्हणतात.

आमच्या वर्कशॉपच्या सरांनी मला काकांकडे पाठवलं. डेकवरचं फिटिंगचं काम करायला कुणीतरी हवं होतं. काकांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"बोट पाह्यलीस का कधी?"

"न्हाई काका."

"पोहता येतं?"

"विहिरीत येतं."

"मग काय येतं तुला?"

"निघत नसलेला बोल्ट काढता येतो."

ते खरंच येत होतं. शिरूर अनंतपाळला आमच्या अण्णांचं ट्रॅक्टर आणि उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करायचं दुकान आहे. दहा वर्षांची असल्यापासून मी तिथे पाने हातात देत आले. काकांनी डेकवरचा एक गंजलेला बोल्ट दाखवला. मी त्यावर रॉकेल सोडलं, अर्धा तास थांबले, हातोडीनं हलकेच ठोकलं, पाना लावून आधी थोडा आवळला आणि मग उलटा फिरवला. निघाला.

"आधी आवळलास कशापायी?"

"आधी जरा आवळलं की गंज तुटतो. मग तो भांडत न्हाई."

"हौदु, बरोबर हाय," काका म्हणाले. उदगीरकडचं कानडी त्यांच्या तोंडात असंच अधूनमधून येतं. मग म्हणाले, "शनिवारी ये. जुने कपडे घालून ये."

काम काय असतं ते सांगते. बोटीवर आपण चालतो तो वरचा भाग म्हणजे डेक. गुब्बीचा डेक क्रीमच्या बिस्किटासारखा आहे. वर आणि खाली फायबरचा पातळ थर, मधे लाकूड. या डेकला शेकडो बोल्ट मारलेले असतात. कठड्याचे खांब, दोर फिरतात त्या कप्प्या, दोर बांधायच्या क्लीट, सगळं बोल्टांवर उभं. बोल्टाच्या भोकातून थेंबभर पाणी आत गेलं की मधलं लाकूड कुजायला लागतं. वरून काही दिसत नाही. म्हणून मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं डेक ठोकत ठोकत पुढे सरकते, टरबूज घेताना ठोकतात तसं. 'टण' आलं तर लाकूड चांगलं. 'भद' आलं तर खाली चिखल.

पहिलं वर्ष या चिखलात गेलं. कठड्याच्या एका खांबाखाली आधीच्या कुणा मालकानं चक्क पांढरं सिमेंट भरलेलं निघालं. खरी रीत अशी की बोल्ट काढायचा, भोक मुद्दाम मोठं करायचं, कुजलेलं लाकूड आकड्यानं खरवडून काढायचं, वाळवायचं, ते भोक रेझिननं भरून टाकायचं आणि रेझिन कडक झालं की त्यातच नवं बारीक भोक पाडायचं. आता बोल्ट रेझिनमधून जातो, पाण्याला लाकूड सापडतच नाही. डेकच्या खालून चांगली जाड पट्टी द्यायची, म्हणजे ओढ एका नटावर न येता पसरते. आणि आवळताना वरचा बोल्ट मुळीच फिरवायचा नाही, फक्त खालचा नट फिरवायचा. बोल्ट फिरला की भोवती लावलेलं, पाणी अडवणारं सीलंट तुटतं. त्यासाठी माणसं दोन लागतात, एक वर आणि एक खाली. खाली केबिनच्या कपाटात अंग दुमडून मी आणि वर स्क्रूड्रायव्हर दाबून धरलेल्या काकू.

"झालं का गं सविता? माझी भाजी लागंल तिकडं."

"काकू, हलवू नका. अजून अर्धा फेरा."

"हे तुझं अर्धा फेरा अर्धा फेरा सकाळपासून ऐकून राहिले मी."

त्या कठड्याचं काम पुढे उपयोगी पडलं. दिवाळीनंतरच्या एका दुपारी काका आणि मी पाण्यात होतो. गुब्बी जुन्या पद्धतीची. शीड चढवायचं किंवा उतरवायचं तर चालत डोलकाठीपर्यंत जायचं आणि तिथे उभं राहून दोर ओढायचा. काकांच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. वारा एकदम वाढला, शीड उतरवायला काका पुढे गेले आणि बोट कलली. त्यांचा पाय घसरला. एक पाय डेकबाहेर, सगळा भार कठड्याच्या तारेवर. मला सुकाणू सोडता येत नव्हतं. तार ताणली, खांब थोडा वाकला, पण जागचा हलला नाही. काका गुडघ्यांवर रांगत परत आले. खांब मी बसवलेला होता, याचा मला त्या क्षणी अभिमान वाटला हे खरं सांगते. अभिमानाची ती वेळ नव्हती.

काकूंनी हे सगळं धक्क्यावरून पाहिलं. पुढच्या रविवारी लातूरहून ज्योतीताई आल्या. ज्योतीताई म्हणजे काकांची एकुलती मुलगी, लातूरला शाळेत विज्ञान शिकवतात. बोटीवर पाऊल न ठेवता धक्क्यावरूनच म्हणाल्या, "बाबा, ही विकायची."

काका पाण्याकडे बघत राहिले. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस बोट विकेल, मुलीशी भांडणार नाही आणि पुन्हा या काठाला येणारही नाही.

मधला रस्ता काकूंनी काढला. "हे पहा," त्या काकांना म्हणाल्या, "बसल्या जागेवरून शीड चढलं अन् बसल्या जागेवरून उतरलं, तर बोट ऱ्हाईल. पुढं पाय टाकायचा न्हाई. जमत असंल तर दाखवा, न्हाई तर इका."

"अन् सविता बोटीवर नको," ज्योतीताई म्हणाल्या. "ती असली की सगळं जमतं. तिची परीक्षा नाही, तुमची आहे. तुम्ही आणि आई, दोघंच."

संक्रांतीच्या आधीचा रविवार ठरला. मधे माझी सेमिस्टरची परीक्षा. हातात सहा-सात शनिवार-रविवार.

बदल कागदावर सोपा होता. डोलकाठीवरून खाली येणारा दोर तिच्या पायथ्याशी कप्पीतून वळवायचा, केबिनच्या छपरावरून मागे आणायचा आणि सुकाणूजवळच्या बसायच्या जागेपाशी विंचवर घ्यायचा. विंच म्हणजे दोर गुंडाळून ओढायचा पितळी डमरू. वर हँडल लावून फिरवला की दुखऱ्या खांद्याच्या माणसालाही जड शीड ताणता येतं. गुब्बीच्या बाजूला एक जुना विंच होताच. तो काढून छपरावर आणायचा. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मी सगळ्याचं ड्रॉइंग केलं. चांगल्या छपराला नवी भोकं पाडताना मात्र मी चार-चारदा माप घेत होते. काका बाजूला बसून म्हणाले, "नीट मापलंस न? मग घाबरती कशाला? भोक पाडल्यावर घाबर."

दोर मागे आला. शीड चढलं. उतरेना! डोलकाठीपाशी दोर सोडला की शीड आपल्या वजनानं सरसर खाली यायचं, पण आता वाटेत इतकी वळणं झाली होती की ते निम्म्यात येऊन अडकायचं. मी कप्प्या मोठ्या घेतल्या, एक वळण कमी केलं. मग ते पाऊण उतरायला लागलं. उरलेल्या पाव हिश्शासाठी काका उठून पुढे जायला निघायचे आणि मी ओरडायचे.

उत्तर कॉलेजच्या मैदानात सापडलं. सव्वीस जानेवारीच्या तयारीसाठी शिपाईकाका झेंड्याच्या खांबाची दोरी तपासत होते. झेंड्याची दोरी अखंड असते. एक बाजू ओढली की झेंडा वर, दुसरी ओढली की खाली. तो स्वतःच्या वजनानं उतरावा अशी कुणी वाट बघत बसत नाही. मी तशीच रिक्षा करून धक्क्यावर गेले. शिडाच्या वरच्या टोकाला एक बारीक निळी दोरी बांधायची, ती खाली आणून मागे आणायची. शीड अडकलं की निळी दोरी ओढायची. शिडाच्या टोकाला दोरीसाठी कडी शिवायची होती, ती काकूंनी त्यांच्या शिलाई मशीनवर शिवली. जाड कापडात तीन सुया मोडल्या. प्रत्येक सुईला त्या माझं नाव घेत होत्या.

आता राहिला विंच. ठरलेल्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी मी तो उघडला. आत जुनं काळं तेल, धूळ, मेलेल्या मुंग्या. रॉकेलनं सगळं लखलखीत धुतलं. आणि मग ग्रीस भरलं. अण्णांच्या दुकानातून मुद्दाम आणलेलं, ट्रॅक्टरच्या बेअरिंगचं, चांगलं घट्ट. आमच्या दुकानात लहानपणापासून एकच गोष्ट ऐकली होती. "ग्रीस भरताना हात आखडायचा न्हाई. बाहेर आलं म्हंजी पोट भरलं." मी पोट भरलं. बाहेर आलेलं बोटानं पुसून परत आत दाबलं. विंच फिरवला तर लोण्यासारखा. आधी फिरवताना टिक टिक टिक असा आवाज यायचा, तो पार बंद झाला.

"बघा काका, आवाजसुद्धा नाही."

काकांनी फिरवून पाहिला. त्यांना तो आवाज आधीही येत नव्हता. "लई मऊ झाला की," ते म्हणाले. त्या शांततेचं मला इतकं कौतुक वाटलं की मी तिचा व्हिडिओ काढून अण्णांना पाठवला.

रविवारी पहाटेपासून कडाक्याची थंडी होती. पाण्यावर धुकं. ज्योतीताई रात्रीच येऊन मुक्कामी थांबल्या होत्या आणि घरात चहा घेत होत्या. गंगाधरमामा त्यांची होडी घेऊन तयार होते, कुणी पाण्यात पडलंच तर म्हणून. काका म्हणाले, "धक्क्यालाच एकदा शीड चढवून बघू." काकांनी हँडल लावलं. शीड वर गेलं. शेवटचा ताण द्यायला त्यांनी अजून दोन फेरे मारले आणि पकड बदलायला हात सैल केला.

विंच उलटा फिरला. हँडल गर्रकन मागे आलं आणि काकांच्या अंगठ्यावर बसलं. शीड हातभर खाली घसरलं.

काका ओरडले नाहीत. अंगठा मफलरमध्ये गुंडाळून त्यांनी आधी घराकडे पाहिलं. "ज्योतीला बोलू नको."

मी विंच हातानं फिरवून पाहिला. काही आवाज नाही. आणि त्या गारठ्यात माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. टिक टिक हा आवाज कसला, हे मला आठवीपासून ठाऊक होतं. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये असतात तशी विंचच्या आत छोटी छोटी कुत्री असतात. दात्यांत अडकणारे लोखंडी तुकडे, त्यांच्यामागे केसासारखी स्प्रिंग. विंच पुढे फिरतो तेव्हा ती दात्यांवरून टिकटिक करत उड्या मारतात. मागे फिरायला गेला की दात्यांत रुतून त्याला अडवतात. त्यांना लागतं पातळ तेल, दोन थेंब. मी ग्रीस थापलं होतं. दुपारच्या उन्हात ते सैल होतं, म्हणून टिकटिक दबली तरी विंच चालला. थंडीत ते घट्ट झालं आणि कुत्री जागच्या जागी चिकटून बसली. ज्या शांततेचा मी व्हिडिओ काढला होता, ती हीच.

"ऊन चढलं की ग्रीस पातळ व्हईल," काका म्हणाले. "तासभर कायतरी कारण काढू."

"मग दर वेळी दुपारीच शीड चढवायचं का?"

"न्हाई तर विंच नको. हातानं ओढतो."

"त्या खांद्यानं?"

"सविता," ते हळू आवाजात म्हणाले, "आज न्हाई जमलं तर जाती गं ही."

मला ते माहीत होतं. त्यांच्या चेहऱ्याकडे मी बघितलं असतं तर बहुतेक गप्प बसले असते. म्हणून बघितलं नाही. तेवढ्यात ज्योतीताई चहाचा कप घेऊन धक्क्यावर आल्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"ताई, विंच उलटा फिरला. काकांच्या अंगठ्याला लागलंय. चूक माझी आहे, मी आत चुकीचं ग्रीस भरलं. मला पाऊण तास द्या."

त्यांनी आधी काकांचा अंगठा पाहिला. नख निळं पडलं होतं, पण हाड शाबूत होतं. मग माझ्याकडे वळल्या. "म्हणजे तू इथे नसतीस तर काय झालं असतं?"

"मी इथं होते म्हणूनच झालं, ताई. ग्रीस मीच भरलं."

गंगाधरमामा होडीतून म्हणाले, "पोरगी खरं बोलून राहिली. आता बसा घटकाभर."

ज्योतीताई धक्क्याच्या फळीवर बसल्या. पेपर तपासताना बसतात तशा. "उघड," म्हणाल्या.

काकूंकडून मी भाकरीची परात मागून आणली आणि विंचच्या कडेला धरायला काकांना दिली. स्प्रिंग उडून पाण्यात गेली तर संपलंच. वरची चकती स्क्रूड्रायव्हरनं काढली, डमरू उचलला. आत पिवळं ग्रीस गोठलेल्या तुपासारखं. चारही कुत्री त्यात तोंड खुपसून बसलेली. एकेक काढून परातीत ठेवलं, रॉकेलनं धुतलं, कापडानं कोरडं केलं. एक स्प्रिंग उडालीच. परातीत टण वाजून पडली. काकांना ऐकू आलं नाही, पण ती पडताना परात हाताला हलली, म्हणून त्यांनीच बोटानं दाखवली.

"पातळ तेल कुठाय?" मी विचारलं. माझ्याकडे नव्हतंच.

काकू घरात गेल्या आणि शिलाई मशीनची तेलाची बुधली घेऊन आल्या. "हे चालतंय का?"

याहून चांगलं तेल नांदेडच्या अख्ख्या बाजारात मिळालं नसतं. दोन-दोन थेंब सोडले. जोडलं. फिरवलं. टिक टिक टिक टिक. धुक्यात तो आवाज इतका स्पष्ट आला की गंगाधरमामांनी मान वळवली. काकांनी न दुखावलेल्या हाताचा तळवा डमरूवर ठेवला आणि मला परत फिरवायला सांगितलं.

"कळतंय हाताला," ते म्हणाले.

ज्योतीताईंनी घड्याळ पाहिलं. "पंचेचाळीस म्हणाली होतीस. पंचावन्न झाले." मग आईकडे वळल्या. "बसा दोघं."

मी धक्क्यावर राहिले. आपण हातानं बसवलेली वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन काठावर उभं राहणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. गुब्बी मामांच्या होडीनं ओढून आत नेली आणि सोडली. काकूंनी सुकाणू धरलं. काका बसूनच विंच फिरवू लागले. टिकटिक पाण्यावरून काठापर्यंत येत होती. शीड थांबत थांबत वर गेलं, ताठ झालं. काकांनी हात सोडला. विंच जागच्या जागी थांबला. मी रोखलेला श्वास सोडला तेव्हा लक्षात आलं, बाजूला ज्योतीताईंनीही सोडला होता.

धुकं विरलं आणि गुब्बी पलीकडच्या काठापर्यंत जाऊन वळली. येताना वारा वाढला. मामा होडीतून ओरडले, "उतरवा आता! मागून बोला!" काकांनी दोर सोडला. शीड सरसर खाली आलं आणि पाऊण वाटेवर अडकलं. नेमकं तिथेच. वाऱ्यानं त्याचा फुगा केला आणि बोट कलायला लागली. काका उठले. अंगठा दुखत होता म्हणून असेल, नाहीतर जुनी सवय म्हणून असेल, निळी दोरी ते विसरले. त्यांचा एक पाय छपरावर गेला.

"बाबा!" ज्योतीताई ओरडल्या. त्यांना ऐकू जाणं शक्य नव्हतं.

काकूंनी एका हातानं सुकाणू धरलं होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी काकांच्या स्वेटरची मागची बाजू पकडली आणि खस्सकन खाली बसवलं. मग त्याच हातानं निळी दोरी धरली आणि ओढली, विहिरीतून घागर ओढावी तशी. शीड खाली आलं. सगळं. छपरावर गोळा होऊन पडलं.

गुब्बी मामांच्या होडीमागे बांधून धक्क्याला आली. काका मान खाली घालून बसले होते. "मी उठलो," ते मुलीला म्हणाले. "पाय पुढं टाकला. दिसलं असंल तुला."

"दिसलं," ज्योतीताई म्हणाल्या. "आणि आई, ती निळी दोरी ओढायला तुला कुणी शिकवलं?"

"शिकवायला काय लागतं? त्या कडीपायी तीन सुया मोडल्या माझ्या. कशासाठी शिवली ते इसरंल का मी?"

ज्योतीताई पहिल्यांदाच गुब्बीवर चढल्या. छपराजवळ वाकून त्यांनी विंचचा डमरू बोटानं हळूहळू फिरवला. टिक. टिक. टिक. मग मागे फिरवून पाहिला. फिरला नाही. मला म्हणाल्या, "हे परत कधी उघडायचं असतं?"

"दर तीन महिन्यांनी."

"मग एप्रिलमध्ये सुट्टी लागली की उघड. मी येते, मला शिकव. बाबांना हा आवाज ऐकू येत नाही. तू नोकरीला लागशील तेव्हा तो ऐकणारं कुणीतरी घरात पाहिजे."

त्यांनी बोट ठेवायची की विकायची, याबद्दल एक शब्द काढला नाही. काका तोंड फिरवून शीड गोळा करायला लागले.

संध्याकाळी मी अण्णांना फोन केला. सगळं सांगितलं.

"ग्रीस जास्त झालं म्हणून बिघडलं?" अण्णा म्हणाले. "असं मी जन्मात ऐकलं न्हाई."

"कुत्री चिकटली अण्णा. पातळ तेल लागतं तिथं."

"तुझी ती आठवीतली सायकल आठवती का?" अण्णांनी विचारलं. आठवीत असताना माझ्या सायकलचे पायडल हिवाळ्यात रिकामे फिरायचे. आख्खा हिवाळा मी ती ढकलत शाळेत नेली होती आणि अण्णा सायकलवाल्याशी दोनदा भांडून आले होते.

"सविता," ते म्हणाले, "त्या फ्रीव्हीलमधी ग्रीस मीच भरलं होतं गं."